विजेचा दुसरा धागा

उंबरपाडा, ता. शहापूर
२८ जानेवारी २०२४

चि. शाम,

तुझा मित्र भाविक, त्याच्याकडून तुझा पत्ता मिळाला. तो म्हणाला, तू वापीला पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात आहेस, एका खोलीत सात जण राहता, आणि तुझ्याकडं फोन नाही. नवा घेतलाच नाहीस म्हणे. म्हणून पत्र लिहिते. बारावीनंतर अंगणवाडीच्या रजिस्टरशिवाय मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुकेल ते सांभाळून घे. सगळ्यांसमोर मी तुला भावजी म्हणते. पण या घरात आले तेव्हा तू सहावीत होतास, तुझ्या फुटलेल्या गुडघ्याला हळद मीच लावत होते. पत्रात शामच लिहिते.

दादाला जाऊन साडेतीन महिने झाले. आई आता उठून बसतात, अर्धी भाकरी खातात. बाबा रानात जातात, येतात. कुणाशी बोलत नाहीत. वरच्या शेतातलं कापलेलं भात तसंच पडून राहिलं होतं, ते गुरांनी खाल्लं. आणायला कुणी गेलंच नाही.

तुला एक सांगायचं होतं. माझा भाऊ मनोज हर्षालीला म्हसाच्या जत्रेला घेऊन गेला होता. मी नाही गेले. तिथं एका फोटो छापणाऱ्याच्या दुकानात तुझा फोटो लावलेला होता. मोठ्ठा, दाराएवढा. काळंभोर आभाळ, खाली आपला माळ, आणि मधोमध मोहाच्या झाडावर उतरलेली पांढरी वीज. खाली 'शहापूरची वीज' असं लिहिलेलं. हर्षाली नाचायला लागली, "मामा, ह्यो माझ्या काकाचा फोटो हाय! मला घे ना!" मनोजनं तिला उचललं आणि गर्दीतून बाहेर आणलं. घरी आल्यावर तिनं मला विचारलं, "मामा का रडत व्हता गो?"

तिला अजून माहीत नाही. आपले बाबा वीज पडून गेले, एवढंच तिला माहीत आहे. ती वीज हीच, हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

तू तो फोटो टाकलास तेव्हा तुला माहीत नव्हतं, हे मला ठाऊक आहे. शाळेच्या व्हरांड्यातून तू पळत आला होतास, "वैनी, बघ, बघ काय घावलं!" म्हणत. मी चुलीपाशी होते. मी पण बघितला. मी पण म्हटलं, कसा रे काढलास! त्यानंतर तासाभरानं बाबा आणि पाड्यातली माणसं दादाला घेऊन खाली आली. दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या बाकड्यावरची माणसं आपापल्या फोनवर तोच फोटो एकमेकांना दाखवत होती. हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण बोलायला इथं कुणी नाही.

दहाव्याला बाबा जे बोलले ते पाड्यानं ऐकलं. "माझा पोर तिकडं मरत व्हता नी ह्यो हिकडं फोटो काढीत व्हता. भावाला एकला धाडलान." तू काहीच बोलला नाहीस. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून गेलास. फोन भाताच्या कणगीत टाकून गेलास, तो मला आत्ता संक्रांतीला सापडला. मी तसाच लुगड्यात गुंडाळून ठेवला आहे. बंदच आहे.

मी त्या दिवशी घरातच होते, मला काही माहीत नाही. पण तुझा दोष आहे असं मला वाटत नाही. एवढं सांगायला पत्र लिहिलं.

तुझी वैनी,
संजीवनी


उंबरपाडा
१७ मार्च २०२४

चि. शाम,

तुझं कार्ड मिळालं. "वैनी, मी बरा आहे. पत्र पाठवू नका." दोन ओळी. अक्षर तुझंच आहे, पण 'पाठवू नका' हे तू मला कधीपासून म्हणायला लागलास? तरीही लिहिते. फाडून टाकायचं असेल तर वाचून फाड.

गेल्या मंगळवारी अंगणवाडीत मुलांना खिचडी वाढत होते, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात एक बाई दिसल्या. पन्नाशीच्या असतील, पायात बूट, खांद्याला पिशवी. हातात तुझा फोटो, कागदावर छापलेला. त्या खिडकीपाशी जाऊन एक डोळा मिटून माळाकडं बघत, मग कागदाकडं बघत, मग दोन पावलं सरकत. मला वाटलं जमीन मोजणाऱ्या आहेत.

त्यांनी मला हाक मारली. "ताई, हा फोटो इथूनच काढलाय ना?"

मी हो म्हटलं.

त्यांचं नाव मीना. पुण्यात विजेचा अभ्यास करतात. वीज कशी पडते, कुठं पडते, तेच त्यांचं काम. तुझा फोटो कुणीतरी त्यांना पाठवला, खाली तुझं नाव आणि 'शहापूर' एवढंच होतं. फोटोतल्या डोंगराच्या कडेवरून शोधत शोधत त्या पाड्यापर्यंत आल्या. शाम, त्या बाईंना बाकी काहीच माहीत नव्हतं.

मला म्हणाल्या, "या मुलानं काय पकडलंय, त्याला कळलंय का माहीत नाही. हे बघा." त्यांनी बोट ठेवलं. "आपल्याला वाटतं वीज वरून खाली येते. पण ती जवळ आली की जमिनीवरनं पण तिच्याकडं धागे चढतात. झाडाच्या शेंड्यातून, खांबातून, जे काही उंच उभं असेल त्यातून. त्यातला एक तिला भेटतो, आणि तिथं ती पडते. बाकीचे विझून जातात, पण ज्यातून निघाले त्यालाही जबर झटका बसतो. डोळ्याला ते दिसतच नाहीत, इतके झटपट. मोठमोठे कॅमेरे लावून आम्ही वर्षानुवर्षं बसतो तेव्हा एखादा मिळतो."

मग त्यांनी झाडाच्या उजवीकडं दाखवलं. तिथं बांधावर एक बारीक धागा आहे. केसासारखा. वर निघालेला, आणि मधेच संपलेला. मी तो फोटो जितक्यांदा बघितला, मला तो कधी दिसला नव्हता. तुला दिसला होता का?

"हा दुसरा धागा," त्या म्हणाल्या. "हा विजेला भेटला नाही. आता मला एवढंच हवंय, या जागी काय होतं? एखादा खांब? खुंट? बुजगावणं?"

मी म्हटलं, "काय नव्हतं."

"काहीतरी असणार ताई. मोकळ्या जमिनीतून असा नाही निघत."

माझ्या हातात खिचडीचा डाव होता. मी तो खाली ठेवला. म्हटलं, "माझा नवरा होता तिथं."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांच्या हातातला कागद खाली पडला आणि त्या तिथंच पोरांच्या सतरंजीवर बसल्या. पोरं खिचडी खायची थांबली. एका पोरानं त्यांच्यापुढं स्वतःची ताटली सरकवली.

तुला आठवतं, सगळे म्हणतात दादा मोहाखाली सापडला. पण बाबांनी त्याला उचललं ते बांधावरून, झाडापासून दहा-बारा पावलांवर. तो झाडाखाली उभा नव्हता, शाम. त्याला तेवढं कळत होतं.

मीना मॅडम माझ्याबरोबर घरी आल्या. ओटीवर दादाचा फोटो होता, त्याला हात जोडले. बाबांना कळलं त्या कशासाठी आल्या आहेत, तेव्हा ते उठून उभे राहिले. "त्या फोटुत माझा पोर जळतोय. तुमी त्याच्यावरनं शिकनार? जा बाई तुमी." त्या गेल्या. जाताना मला म्हणाल्या, हा फोटो व्हिडिओतून काढलेला दिसतो, मूळ व्हिडिओ असेल तर जपून ठेवा, मला दिला नाही तरी चालेल. आणि विचारलं, "ते किती वाजता गेले होते वर?"

मी सांगितलं, दुपारपासून तिथंच होते.

मी असं सांगितलं.

तुझी वैनी


उंबरपाडा
२३ मे २०२४

चि. शाम,

तू उत्तर दिलं नाहीस. माझं पत्र परत पण आलं नाही, म्हणजे पत्रं पोचतात.

काल मी तुझा फोन चार्ज केला. गेले दोन महिने मनात होतं. आई शकूमावशीकडं गेल्या होत्या, बाबा रानात. हर्षालीला विचारलं, काकाच्या फोनचं कुलूप कसं उघडतं? तिनं बोटानं पटकन नक्षी काढली आणि फोन उघडला. तू तिला शिकवलं होतंस म्हणे, कुणाला सांगू नको म्हणून. सात महिने तिनं नाही सांगितलं.

आम्ही दोघींनी आधी तुझे बाकीचे फोटो बघितले. कोळ्याच्या जाळ्यावरचं दव, एकेका थेंबात आख्खं आपलं घर उलटं. गोगलगायीचा डोळा. करवंदीच्या पानावरचा तो हिरवा सोनेरी किडा, ज्याच्यामागं तू अर्धा दिवस पालथा पडला होतास आणि दादा म्हणाला होता, "किडा बी कंटाळला असंल रे तुला." नेटवरनं उतरवलेले आभाळातले फोटो पण होते, कड्यावाला शनी, तारे जन्माला येतात ते ढग. तू ते आईंना दाखवलेस तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "नाचनीचा पीठ सांडलाय." तू किती हसला होतास. मग गंभीरपणानं सांगितलंस, आई, हा उजेड निघाला तेव्हा आपला डोंगर पण नव्हता. आईंनी विचारलं, "मंग आता तिथं काय हाय?" तू म्हणालास, कदाचित काहीच नाही, विझलं पण असेल, उजेड अजून चालत येतोय.

हर्षालीला बाहेर खेळायला पाठवलं आणि त्या दिवसाचे, तेरा ऑक्टोबरचे व्हिडिओ उघडले.

दोन आहेत. एक विजेचा, तो मी बघितला. हळूहळू चालतो तो. वीज उतरते, झाडातून एक धागा चढतो, बांधावरनं दुसरा. मीना मॅडम म्हणाल्या तसंच. बांधावर काही दिसत नाही, लांब आहे, अंधारून आलेलं आहे. तिळाएवढं निळं काहीतरी आहे, ती ताडपत्री असेल. मी चार वेळा बघितला. मला वाटलं होतं बघवणार नाही. बघवलं.

दुसरा त्याच्या आधीचा आहे. चार वाजून अडतीस मिनिटांचा. त्यात नुसता माळ दिसतो, ढग दिसतात, आणि गडगडतं. माणूस कुणी दिसत नाही. पण आवाज आहे. तुझा आणि दादाचा.

शाम, मला माहीतच नव्हतं की याच्यात त्याचा आवाज आहे. सात महिन्यांनी ऐकला. मी फोन कानाला लावून भिंतीला टेकून बसले. संध्याकाळी आईंना ऐकवला, थोडासाच. तो "काढ तुझा फोटो, दोघं भिजून काय करनार" म्हणतो, तेवढाच. आईंनी फोनवर हात फिरवला, जसा त्याच्या डोक्यावरून फिरवायच्या. म्हणाल्या, "परत लाव गो." मी सहा वेळा लावला. सातव्यांदा त्यांनीच नको म्हटलं.

बाबांना ऐकवला नाही.

आज एवढंच. दिवे लावायची वेळ झाली.

वैनी


उंबरपाडा
२ जुलै २०२४

चि. शाम,

मागच्या पत्रात मी तुला खोटं सांगितलं नाही, पण खरं पण सांगितलं नाही. आईंना थोडासाच आवाज का ऐकवला, ते लिहिलं नाही. तुला ते माहीत आहे. आज सगळं लिहिते. बाहेर लावणी चालू आहे, मी अंगणवाडीत एकटी बसले आहे.

त्या दिवशी दादा दुपारपासून वर नव्हता. तो साडेचारच्या सुमारास घरी आला होता. ढग घाटावरून उतरत होते. भात कापून वरच्या शेतात पसरलेलं, वाळत घातलेलं. तो ओटीवर बसला, म्हणाला, "ईज लय कडाडते, जरा थांबतो. चा ठेव." मी आत भाकरीचं पीठ मळत होते. त्या दिवशी सकाळपासून मी चिडलेली होते, कशावरून ते आता आठवत सुद्धा नाही. मी बाहेर न येताच म्हटलं, "चार महिन्यांचं कष्ट भिजून जाऊ दे मंग. ताडपत्री टाकून या आधी, चहा कुठं पळून जात नाय."

ताडपत्री उचलल्याचा आवाज आला. मी बाहेर येऊन बघितलं पण नाही.

हेच. एवढंच आहे. नऊ महिने मी हे कुणाला सांगितलेलं नाही. दवाखान्यात विचारलं तेव्हा "दुपारपासून शेतात होते" म्हटलं. तलाठी आले तेव्हा तेच म्हटलं. मीना मॅडमना तेच. म्हणून म्हणून ते खरं वाटायला लागलं होतं. बाबांनी तुझ्यावर दोष टाकला तेव्हा मला, शाम, मला आधी हायसं वाटलं. मग लाज वाटली. पण आधी हायसंच वाटलं. हे लिहिल्याशिवाय बाकीचं लिहून उपयोग नाही.

आणि मग मी तो व्हिडिओ ऐकला.

"दादा, परत निघालास? घरी गेलतास ना?"

"गेलतो. बसनार व्हतो. तुझी वैनी बसू देते का! ताडपत्री टाकून या बोलली."

"ईज लय हाय रे. थांब जरा. नायतर मी येतो."

"नको. काढ तुझा फोटो, दोघं भिजून काय करनार. आनि नाय गेलो तं वैनीला कोन सांगल, तू?"

मग तो हसतो. तू पण हसतोस. मग नुसता वारा.

तू थांब म्हणाला होतास. तू येतो पण म्हणाला होतास. आणि मी त्याला पाठवलं, हे तुला त्याच्याच तोंडून कळलेलं होतं, सगळ्यात आधी. दहाव्याला बाबा बोलत होते तेव्हा तू एकदा मान वर करून माझ्याकडं बघितलंस. मला वाटलं तुला लाज वाटते आहे. मी नजर वळवली. तुला तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं फक्त. "वैनीनं धाडलान." तू बोलला नाहीस. पाड्यासमोर शिव्या खाल्ल्यास आणि निघून गेलास, आणि तो आवाज कुणाला सापडू नये म्हणून फोन कणगीत पुरलास. फोडून टाकता आला नाही, कारण त्यात दादा आहे. बरोबर ना?

तू बावीस वर्षांचा आहेस. तुझं कॉलेज सुटलं. तुझ्या हातातलं ते वेड सुटलं. आणि मी तुला जानेवारीत लिहिलं, तुझा दोष आहे असं मला वाटत नाही. काय मोठेपणानं लिहिलं होतं मी ते! तू वाचलंस तेव्हा काय वाटलं असेल?

हे पत्र मी आता म्हसाला जाणाऱ्या मनोजबरोबर पाठवते, तो मुरबाडला पेटीत टाकेल. ते गेलं की परत घेता येणार नाही. त्यानंतर संध्याकाळी बाबांना आणि आईंना पूर्ण व्हिडिओ ऐकवणार आहे. आधी त्यांना सांगायला गेले तर पाय मागं येतील, म्हणून आधी तुला लिहिलं.

तुझी अपराधी,
संजीवनी


वडाचीवाडी, म्हसाजवळ, ता. मुरबाड
२४ ऑक्टोबर २०२४

चि. शाम,

तू घरी आलास हे मनोजकडून कळलं, आणि मग तुझं पत्र पण आलं. चार पानं! मी ते तीन दिवस पुरवून वाचलं. तू लिहितोस, गणपतीला आलास तेव्हा बाबा दारात उभे होते, तुझी पिशवी हातातून घेतली. बस. मला तेवढंच हवं होतं.

जुलैत काय झालं ते तू विचारलंस. आईंनी तुला नीट सांगितलं नसेल. त्या संध्याकाळी मी फोन बाबांच्या पुढ्यात ठेवला आणि पूर्ण लावला. संपल्यावर बाबांनी विचारलं, "परत लावता येतो?" मी लावला. मग ते उठून बाहेर गेले आणि गोठ्यात बैलापाशी बसून राहिले. आई मला म्हणाल्या, "कशाला सांगितलास गो? आता मी कोनाला धरू नी कोनाला सोडू?" त्यात राग नव्हता, शाम. खरंच विचारत होत्या.

सकाळी बाबा म्हणाले, "शामला ये बोल." मग भिंतीकडं बघून म्हणाले, "तू काय दिवस म्हायेरी जा. माझ्या डोल्यांसमोर नको." मी हो म्हटलं. त्यांनी शिवी दिली नाही, हात उचलला नाही. आईंनी हर्षालीची वेणी घालून दिली आणि पाड्याच्या टोकापर्यंत आल्या. अंगणवाडीचं काम मी सोडलं. तिथं आता पाड्यातली ठमी जाते असं ऐकलं. मुलांना तिचा लळा लागेल.

तू लिहितोस, वैनी, मी न्यायला येतो. येऊ नकोस. अजून नाही. माझ्यावर तुझा राग नाही हे तू चार वेळा लिहिलंस, मला एकदा पण पुरलं असतं. पण बाबांनी बोलावलेलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर नको म्हणाले, तर त्यांच्या डोळ्यांना वेळ दे. त्यांनी कधीच बोलावलं नाही तर तेही त्यांचं बरोबर असेल. हर्षालीला मात्र दिवाळीत घेऊन जा. तिला मी सगळं सांगितलं. फोटोचं, आणि माझंही. ती म्हणाली, "तुला माहीत नव्हता ना पन ईज पडनार हाय?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मंग?"

मीना मॅडमना तू व्हिडिओ दिलास हे चांगलं केलंस. त्यांचं मला पण पत्र आलं. शाळांमध्ये लावायला त्या एक तक्ता करणार आहेत, गडगडलं तर काय करायचं, काय नाही, त्यावर तुझा फोटो. नाव घालू का, विचारत होत्या. मी लिहिलं, माझ्या नवऱ्याचं नाव नको. पण दुसऱ्या धाग्याकडं बाण करून लिहा, की हा माणूस होता. तो झाडाखाली नव्हता, दहा पावलं लांब होता, तरी. पोरांना ते कळायला पाहिजे. तुझं नाव मात्र घालायला सांगितलं आहे. तू नाही म्हणशील, तरी.

आता इथलं सांगते. गेल्या गुरुवारी इथं कापणी चालू होती. मनोज, त्याची बायको, शेजारची माणसं, मी, धरून अकरा जण. तीनच्या पुढं सिद्धगडाकडनं आभाळ काळं झालं. पहिला गडगडाट झाला आणि माझ्या हातातून विळा पडला. मी ओरडायला लागले. चला, घरात चला, सगळं टाका. मनोज म्हणाला, "येडी झालीस का? आर्धा शेत उघडा पडलाय. भारं तरी बांधू दे." मी म्हटलं, जाऊ दे. तो ऐकेना, तेव्हा मी त्याचा दंड धरून ओढलं. माझ्यापेक्षा दुप्पट आहे तो, पण आला. म्हातारी हौसाकाकू चालता येत नाही म्हणून झाडाखाली बसायला निघाली होती, तिला मी आणि मनोजच्या बायकोनं उचललं. सगळ्यांना शाळेच्या खोलीत नेऊन बसवलं आणि मी दारात उभी राहिले. कुणाला बाहेर जाऊ दिलं नाही.

पाऊण तास पाऊस पडला. वीज इथं पडलीच नाही. लांब, डोंगराच्या पलीकडं कुठंतरी कडाडत राहिली. सगळं भात मात्र भिजलं, खाचरात तरंगत होतं. बाहेर आल्यावर एक जण म्हणाला, उगाच घाबरवलान हिनं. कुणी हसलं. मनोज हसला नाही. दुसऱ्या दिवशी एकटाच भिजलेलं भात उलटून पालटून वाळत टाकत होता. मी मदतीला गेले तर पाठ करून उभा राहिला. मी समजू शकते. वर्षाचं खाणं आहे त्याचं.

चार-पाच दिवस तो माझ्याशी बोलला नाही. त्याची बायको पण ताट नुसतं पुढं सरकवायची. मला वाटलं, इथूनही जायची वेळ आली.

काल दुपारी पुन्हा ढग आले. मी ओटीवर तांदूळ निवडत होते. उठले नाही. मला आता सांगायचा हक्क नाही असं वाटलं. माणसं शेतात होती. गडगडलं, आणि मी सूप घट्ट धरून बसून राहिले.

तेवढ्यात मनोज बांधावरून धावत आला. धापा टाकत दारात उभा राहिला आणि मला विचारलं, "आनू का गो सगल्यांना?"

मी म्हटलं, "आण."

तुझी वैनी,
संजीवनी